बाटलीतला नेचा आणि डॉ. वॉर्ड

पावसाळा सुरू झाला की महाबळेश्वर-पाचगणीच्या रस्त्यालगत दगडी कठड्यांच्या फटींतून हिरवेगार नेचे डोकावू लागतात. फिरायला गेलेले अनेकजण एखादे रोप मुळासकट उपटून साताऱ्याला, सांगलीला घरी आणतात. रोज पाणी घालूनही ते काही आठवड्यांत वाळते. असे का होते, याचे उत्तर सुमारे दोनशे वर्षांपूर्वी लंडनच्या एका डॉक्टरांना सापडले. त्यांचे नाव नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड.

वॉर्ड यांचा जन्म १७९१ मध्ये लंडनला झाला. वडीलही डॉक्टर होते. तेराव्या वर्षी जहाजाने जमैकाला जाण्याचा योग आला आणि तिथले ताड व नेचे पाहून त्यांना वनस्पतींचे जे वेड लागले ते आयुष्यभर टिकले. पुढे वैद्यकीचे शिक्षण घेऊन त्यांनी पूर्व लंडनमध्ये गोदीजवळच्या वस्तीत दवाखाना चालवला. घरामागे नेचे आणि शेवाळे लावायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. पण कारखान्यांच्या धुराने रोपे जगेनात. जी हवा रोपांना मारत होती, तीच त्यांचे रुग्णही श्वासात घेत होते.

१८२९ मध्ये त्यांनी एका पतंगाचा कोष झाकणाच्या बाटलीत, ओलसर मातीत ठेवला. दिवसा मातीतल्या पाण्याची वाफ होई, काचेवर तिचे थेंब जमत आणि पुन्हा मातीत उतरत. काही दिवसांनी त्या मातीतून गवताचे एक पाते आणि एक नेचा उगवला. बाहेर धडपडूनही न जगणारा नेचा बाटलीत आपोआप वाढत होता! पाणी न घालता ही रोपे जवळपास चार वर्षे जगली. अखेर वॉर्ड बाहेरगावी असताना गंजलेल्या झाकणातून पावसाचे पाणी आत शिरले आणि ती कुजली.

नेच्याला फूल-बी नसते. पानामागच्या ठिपक्यांतील बीजाणूंपासून तो वाढतो आणि फलनासाठी पाण्याचा पातळ थर लागतोच. त्याची खरी गरज मुळाशी साचलेल्या पाण्याची नसून दमट हवेची असते. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सांगलीत त्याच्या एक दशांशाच्या आसपास. आपण रोप आणतो, तिथली हवा आणत नाही.

वॉर्ड यांनी काचेच्या मोठ्या पेट्या बनवल्या. १८३३ मध्ये अशा दोन पेट्यांतून नेचे आणि गवते जहाजाच्या डेकवरून ऑस्ट्रेलियाला गेली आणि सुखरूप पोहोचली. त्याच पेट्यांतून तिकडची रोपे कडक ऊन आणि बर्फ सोसून लंडनला जिवंत आली. पुढे या पेट्यांतून चहाची रोपे चीनहून हिमालयात आली. हिवतापावरचे क्विनाईन देणारा सिंकोनाही दक्षिण अमेरिकेहून आला. त्याची पहिली खेप वाया गेली. १८६१ मध्ये दुसरी उटीला पोहोचली. त्याच दशकात महाबळेश्वरजवळ लिंगमळ्यालाही सिंकोनाची सरकारी लागवड झाली, पण ती काही वर्षांत गुंडाळावी लागली. पेटीने प्रवास साधला, तरी जागा मानवावी लागतेच.

वॉर्ड यांनी १८४२ मध्ये या प्रयोगांवर पुस्तक लिहिले. १८५२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. गरिबांच्या घरांत उजेड आणि स्वच्छ हवा पोहोचली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या शोधाची दुसरी बाजूही आहे. काचपेट्यांमुळे इंग्लंडमध्ये नेचे जमवण्याची लाट आली आणि रानातले दुर्मीळ नेचे ओरबाडले गेले. १८६८ मध्ये वॉर्ड यांचे निधन झाले.

आज घरात नेचा लावायचा असेल तर त्यांचाच धडा उपयोगी पडतो. रोप रोपवाटिकेतून घ्यावे, घाटातून नव्हे. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत तळाशी खडी आणि कोळशाचे तुकडे, वर पालापाचोळ्याचे कुजलेले खत घालावे. खोड मातीत गाडू नये. बरणी उजेडात ठेवावी, पण थेट उन्हात नको. आतली हवा तापून रोप उकडते. काचेवर फार थेंब साचले तर झाकण थोडा वेळ उघडावे. सांगलीकडच्या खारवट बोअरच्या पाण्याऐवजी साठवलेले पावसाचे पाणी द्यावे. कुंडीत लावल्यास खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, तिथे डास होतात.

आणखी एक गोष्ट. वॉर्ड यांच्या बाटलीत उगवलेल्या जातीच्या नेच्याचा अर्क एकेकाळी पोटातल्या पट्टकृमींवर देत असत. मात्रा चुकली तर दृष्टी जाण्यापर्यंत विषबाधा होई, म्हणून सुरक्षित औषधे येताच तो मागे पडला. नेचा डोळ्यांना सुखावतो. घरगुती औषध म्हणून तो पोटात घेऊ नये.