चिंतामणराव कोल्हटकर : दुय्यम भूमिकेचे रंगचरित्र

मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास प्रामुख्याने गायकनटांच्या नावांनी सांगितला जातो. गद्यनटाला त्यात स्थान मिळते ते बहुधा गायकाचा सहकारी म्हणून. चिंतामण गणेश कोल्हटकर (१८९१–१९५९) यांची कारकीर्द या मांडणीची मर्यादा स्पष्ट करते.

किर्लोस्कर मंडळीत असताना त्यांनी गडकऱ्यांच्या ‘पुण्यप्रभाव’मधील (१९१६) वृंदावन रंगविला. १९१८ मध्ये दीनानाथ मंगेशकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी ‘बळवंत संगीत मंडळी’ स्थापन केली. दीनानाथांनी तेव्हा विशीही गाठलेली नव्हती. चिंतामणराव त्यांच्याहून सुमारे नऊ वर्षांनी वडील होते. प्रेक्षक येत ते दीनानाथांच्या गळ्यासाठी, हे उघड होते. पण केवळ गाण्यावर गडकऱ्यांचे नाटक उभे राहत नाही.

जानेवारी १९१९ मध्ये गडकरी निवर्तले. त्यांचे ‘भावबंधन’ त्यांच्या पश्चात ‘बळवंत’ने रंगभूमीवर आणले. त्यात दीनानाथ लतिका झाले, चिंतामणराव घनश्याम. घनश्याम हा ठोकळेबाज खलपुरुष नव्हे. तो बुद्धिमान आहे, आणि लतिकेने केलेली अवहेलना त्याच्या जिव्हारी लागली आहे. त्याचे कारस्थान अपमानातून जन्मते. हा अपमान खरा वाटला नाही, तर सूड पोकळ ठरतो आणि लतिकेवरील संकटही लटके होते. गडकऱ्यांचे अनुप्रासांनी जडावलेले, लांब पल्ल्याचे गद्य येथे नटाची कसोटी पाहते. गायकाला पदाचा विसावा असतो, ‘वन्समोअर’चा प्रतिसाद असतो, घनश्यामाजवळ असतो तो केवळ शब्द. (याच नाटकातील कामण्णाच्या भूमिकेने दिनकर ढेरे यांना ‘दिनकर कामण्णा’ केले, दुय्यम पात्रांची पकड किती होती, याचा हा बोलका पुरावा.)

बोलपटाच्या आगमनानंतर नाटक मंडळ्यांचा पाया डळमळू लागला. ‘बळवंत’नेही चित्रपटाचा मार्ग धरला आणि ‘कृष्णार्जुन युद्ध’ (१९३४) निर्माण झाला. विश्राम बेडेकरांसमवेत चिंतामणरावांनी त्याचे दिग्दर्शन केले. या उपक्रमाने मंडळी मात्र तरली नाही. १९४२ मध्ये दीनानाथांचे निधन झाले.

उत्तरायुष्यात चिंतामणरावांनी ‘बहुरूपी’ हे आत्मचरित्र लिहिले; १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यास लाभला. मंडळीचा संसार ज्याने आतून पाहिला, अशा भागीदाराची दृष्टी हे या ग्रंथाचे बळ होय. तीच त्याची मर्यादाही आहे : भागीदारीतील ताणतणावांविषयी लेखक तटस्थ साक्षीदार असू शकत नाही, हे अभ्यासकाने विसरू नये. रंगभूमीच्या अर्थकारणाचे साधन म्हणून त्याचा उपयोग आजवर अपुराच झाला आहे.

पुढे त्यांचे चिरंजीव चित्तरंजन यांनीही घनश्याम साकारला.