रूझवेल्ट यांचा डावा डोळा

थिओडोर रूझवेल्ट हे नाव अनेकांना ‘टेडी बेअर’ या खेळण्यामुळे ठाऊक असते. अमेरिकेच्या या २६व्या अध्यक्षांचा डावा डोळा खेळताना निकामी झाला आणि ती गोष्ट त्यांनी कित्येक वर्षे लपवून ठेवली, हे मात्र फारसे कुणाला माहीत नसते.

त्यांचा जन्म १८५८चा, न्यूयॉर्कचा. लहानपणी दम्याने बेजार. त्यातच लांबचे दिसत नव्हते. पण हे लक्षात आले ते कुमारवयात हाती बंदूक आल्यावर. सोबतची मुले ज्या पक्ष्यांवर नेम धरत, ते त्यांना दिसतच नव्हते. मग चष्मा लागला. वडिलांच्या आग्रहाने त्यांनी शरीर कमावले, मुष्टियुद्ध शिकले आणि हार्वर्डला असताना स्पर्धेतही उतरले. चष्म्यावाचून मात्र त्यांचे पान हलत नसे. १८९८ मध्ये क्युबाच्या लढाईवर जाताना त्यांनी जादा चष्मे थेट कपड्यांत आणि टोपीत शिवून घेतले होते.

१९०१ मध्ये ते अध्यक्ष झाले, तरी मुष्टियुद्धाचा नाद सुटला नाही. व्हाइट हाउसमध्ये सराव चाले. अशाच एका फेरीत तोफखान्यातील एका तरुण कॅप्टनचा ठोसा डाव्या डोळ्यावर बसला. आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्या, नजर मंदावली आणि पुढे तो डोळा पूर्ण गेला. डोळ्याचा पडदा म्हणजे रेटिना सुटला असावा, असे मानले जाते.

यात नवल नाही. जास्त मायनस नंबर असलेला डोळा लांबट असतो, त्यामुळे पडदा ताणलेला आणि पातळ. ठोसा बसला की डोळा पुढून दबतो आणि कडांकडून फुगतो. या ओढाताणीत पडदा फाटू शकतो. मग फटीतून द्रव मागे शिरतो आणि भिंतीचा पोपडा निघावा तसा पडदा सुटत जातो. डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखे होणे, एकाएकी काळे ठिपके तरंगू लागणे, कडेने सावली सरकत येणे ही त्याची लक्षणे. दुखत नाही, म्हणून माणूस थांबतो. तेच घातक ठरते. मारानंतर काही आठवड्यांनी, महिन्यांनीही हे होऊ शकते. आज वेळेत शस्त्रक्रिया झाली तर बहुतेकांचा पडदा परत बसवता येतो. रूझवेल्ट यांच्या काळात हा उपाय नव्हता. पडद्याची फट बंद करण्याची शस्त्रक्रिया स्वित्झर्लंडच्या ज्यूल गोनँ यांनी रुजवली, ती १९२०च्या दशकात. रूझवेल्ट १९१९ मध्येच वारले होते.

मुष्टियुद्धात डोळ्यांवर गॉगल चढवता येत नाही. बॅडमिंटन, स्क्वॉशमध्ये येतो. स्क्वॉशचा चेंडू आणि शटलचे बूच खोबणीत नेमके बसतील एवढेच असतात. तिथे साधा चष्मा पुरत नाही, काचेचा तर फुटून उलट घात करतो. खेळासाठी बनवलेले पॉलिकार्बोनेटचे गॉगलच हवेत. एकाच डोळ्याने नीट दिसत असेल, तर त्यांच्याशिवाय कोर्टवर पाऊलही टाकू नये.

रूझवेल्ट यांनी मुष्टियुद्ध सोडले आणि वयाचे कारण पुढे करून जुजुत्सू धरले! अध्यक्षपद संपल्यावर एका डोळ्याच्या जोरावर आफ्रिकेत शिकारही केली. डोळा गेल्याचे जाहीर झाले ते १९१७ मध्ये. ठोसा मारणाऱ्या अधिकाऱ्यालाही ते तेव्हाच कळले.