डॉ. व्हिएगस यांचे खरे स्मारक
१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागातील कोंदट चाळींतून माणसे पटापट मरू लागली. हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, हे निदान प्रथम केले ते आमच्या हडफड्याचे सुपुत्र डॉ. आकासियो व्हिएगस यांनी. १८५६ साली जन्मलेला हा गोमंतकीय निदानावर थांबला नाही. वस्त्यांची सफाई व मूषकसंहार यांचा त्याने आग्रह धरला. १८९७ मध्ये हाफकिन यांची लस सिद्ध होताच सुमारे १८,००० लोकांना ती स्वहस्ते टोचली. १९०६ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले, १९३३ मध्ये निवर्तले. धोबीतलावानजीक त्यांचा पुतळा आहे. परंतु २०२० च्या महासाथीने दाखविलेच की, दाटीच्या वस्तीला दवाखाना साथीपूर्वीच हवा. तो उघडणे हेच त्यांचे खरे स्मारक, असे आम्हांस वाटते.