परदेशातून परतलेला विद्यार्थी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

आपल्या धर्मग्रामांतील काही तरुण-तरुणी आज डॉक्टरेटसाठी परदेशी जात आहेत. त्यांना निरोप देताना आपण व्हिसा, फी, थंडी आणि जेवणखाण यांची काळजी करतो, आणि ती रास्तच आहे. परंतु शिकून परत येणाऱ्याचे स्वागत कसे होईल, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. तो प्रश्न ज्यांच्या आयुष्यात सर्वांत कठीण ठरला, त्या डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या विद्यार्थिजीवनाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त झाल्यानंतर कुटुंब साताऱ्यास आले. तेथेच भीमरावांच्या आईचे निधन झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. ही शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. वर्गात मात्र या मुलाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपायाने नळ सोडल्याखेरीज पाणी पिता येत नसे.

कराड तालुक्यातील मसूर हे रेल्वे स्थानक आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे आहे. १९०१ साली खटाव तालुक्यात तळ्याच्या दुष्काळी कामावर असलेल्या वडिलांना भेटण्यासाठी लहानगा भीमराव घरातील इतर मुलांसह येथे उतरला. पत्र वेळेवर न पोहोचल्याने न्यायला कोणी आले नव्हते. मुलांची जात कळताच गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन, मुलांनी स्वतः बैलगाडी हाकावी आणि गाडीवानाने पायी चालावे, असे ठरले. बरोबर शिदोरी होती, पण वाटेत कोणी पाणी दिले नाही, म्हणून सारी रात्र उपाशी आणि तहानलेल्या अवस्थेत गेली. ही आठवण बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे.

१९०७ मध्ये मॅट्रिक आणि पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी.ए. झाल्यावर फेब्रुवारी १९१३ मध्ये त्यांचे पितृछत्र हरपले. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावी, अशी अट होती. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. सेलिग्मन आणि जॉन ड्युई यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. वसतिगृहात नवल भथेना या पारशी तरुणाशी जडलेली मैत्री जन्मभर टिकली. तुटपुंज्या रकमेतून घरखर्चाला पैसे पाठवायचे आणि पोटाला चिमटा घेऊन जुनी पुस्तके विकत घ्यायची, असा त्यांचा क्रम होता. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले आणि १९१६ मध्ये त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध स्वीकारला गेला. आपण अस्पृश्य आहोत याचा त्यांना परदेशात विसर पडला होता.

पुढे ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली होती. त्यांचे सामान आणि पुस्तके वेगळ्या जहाजाने पाठवली होती. पहिले महायुद्ध सुरू होते आणि ते जहाज पाणतीराने बुडवले गेले.

करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. परंतु राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून त्यांनी कसेबसे दिवस काढले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना जागा सोडण्यास बजावले. त्या वेळी त्यांनी दोन परिचित स्नेह्यांकडे आसरा मागितला. एक हिंदू होते. आपले नोकर घर सोडून जातील, ही अडचण त्यांनी पुढे केली. दुसरे ख्रिस्ती होते. त्यांनी पत्नीशी विचारविनिमय करावा लागेल असे सांगून वेळ मारून नेली. ते कुटुंब मूळचे ब्राह्मण होते. पतीचे विचार उदार झाले होते, परंतु पत्नीचे सोवळे सुटले नव्हते, असे बाबासाहेबांना पुढे समजले. कोलंबियाचा हा विद्वान मुंबईच्या गाडीची वाट पाहत पाच तास सार्वजनिक बागेत बसून राहिला.

प्रिय वाचकहो, हा प्रसंग आपल्याला अंतर्मुख करणारा आहे. बाप्तिस्म्याचे पाणी त्या घरात पोहोचले होते, पण जातीने घातलेले कुंपण तसेच उभे होते.

बाबासाहेब खचले नाहीत. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसे साठवले. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, भथेनांनी कर्ज दिले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. मुंबईत पत्नी रमाबाई हालअपेष्टा सोसून संसार सांभाळत होत्या. १९२१ मध्ये ते एम.एस्सी. झाले, १९२२ मध्ये बॅरिस्टर. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला, तेव्हा हाती पैसे उरले नव्हते. मायदेशी येऊन त्यांनी तो सुधारून पाठवला आणि १९२३ च्या अखेरीस त्यांना डी.एस्सी. मिळाली. छापील प्रती सादर केल्याखेरीज पदवी न देण्याचा कोलंबियाचा नियम होता. १९२५ मध्ये प्रबंध ग्रंथरूपाने निघाला आणि प्रबंध स्वीकारल्यापासून अकरा वर्षांनी, म्हणजे १९२७ मध्ये, ते रीतसर पीएच.डी. झाले.

पुढे घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करून इतरांसाठी शिक्षणाची दारे उघडली. १९५२ मध्ये कोलंबियाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. ऑक्टोबर १९५६ मध्ये त्यांनी बौद्ध धम्माचा स्वीकार केला आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महानिर्वाण झाले.

आज राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने महाराष्ट्र शासनाची परदेश शिष्यवृत्ती आहे आणि तिच्या बळावर अनुसूचित जातींतील विद्यार्थी मोठ्या विद्यापीठांत जातात. शिष्यवृत्तीची सोय शासन करू शकते, परंतु भाड्याने खोली देताना आडनाव विचारायचे की नाही, हे घरमालकच ठरवतो. शिकायला किंवा नोकरीला आलेला कोणी तरुण कराडमध्ये, साताऱ्यात किंवा सांगलीत आपल्या दारी जागा विचारायला आला, तर बडोद्याच्या त्या ख्रिस्ती घराची आठवण ठेवावी आणि त्याला आत घ्यावे, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.