दयेला विद्येची जोड : फ्लॉरेन्स नाइटिंगेल

कोठें आग लागली, नदीला पूर आला किंवा सांथ पसरली म्हणजे मदतीस धांवून जाणारीं माणसें पुष्कळ निघतात. त्यांचा हेतु चांगला असतो. परंतु काय करावें व कोणत्या क्रमानें करावें हें ज्यांस ठाऊक नाहीं, त्यांच्या धांवपळीनें संकटांत सांपडलेल्यांचे हाल कमी न होतां कित्येकदां वाढतात. दया उपजत असूं शकेल, पण सेवा ही शिकावीच लागते. हें सत्य ज्या थोर स्त्रीनें जगाला पटवून दिलें, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींहि लक्षपूर्वक वाचण्याजोगें आहे.

फ्लॉरेन्सचा जन्म 12 मे 1820 रोजीं इटली देशांतील फ्लॉरेन्स शहरीं झाला व त्या शहरावरूनच तिचें नांव ठेवण्यांत आलें. तिचे वडील विल्यम नाइटिंगेल हे इंग्लंडांतील सधन व विद्याव्यासंगी गृहस्थ होते. मुलींना जुजबी शिक्षण पुरे, अशी त्या काळची समजूत असतांहि त्यांनीं आपल्या दोन्ही मुलींस ग्रीक, लॅटिन, इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय स्वतः शिकविले. फ्लॉरेन्सला गणिताची विशेष गोडी होती. 1837 सालीं, तिचें सतरावें वर्ष चालू असतां, ईश्वर आपणांस सेवेसाठीं बोलावीत आहे असें तिच्या मनानें घेतलें. परंतु ती सेवा कोणती, हें उमगण्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं.

रुग्णशुश्रूषा हेंच आपलें जीवितकार्य असा तिचा निश्चय झाला, तेव्हां घरांत मोठें वादळ उठलें. आईला व बहिणीला तर हा विचारहि सहन होईना. त्यांची भीति अगदींच निराधार होती असें नाहीं. त्या वेळीं इस्पितळांत रोग्यांची उठाठेव करणाऱ्या बायका बहुधा अशिक्षित असत व त्यांतील कित्येकींस मद्याचें व्यसन असे. असल्या धंद्यांत कुलीन घरच्या मुलीनें शिरावें, ही कल्पनाच लाजिरवाणी वाटे. फ्लॉरेन्सनें आईबापांशीं भांडण मांडलें नाहीं. पण आपला हेतुहि सोडला नाहीं. पहांटे उठून, घरचीं मंडळी जागी होण्यापूर्वीं, ती इस्पितळांचे अहवाल वाची व टिपणें करी. विवाहाची एक चांगली मागणी आली, तीहि तिनें नाकारली. अखेरीस 1851 सालीं जर्मनींतील ऱ्हाईन नदीच्या कांठीं कैसरव्हर्थ गांवीं पाद्री थिओडोर फ्लीड्नर यांच्या संस्थेंत सुमारें तीन महिने राहून तिनें शुश्रूषेचे पहिले धडे घेतले. 1853 सालीं लंडनमधील आजारी स्त्रियांच्या एका लहान रुग्णालयाची व्यवस्था तिच्या हातीं आली. त्या वेळीं तिचें वय तेहतीस वर्षांचें होतें.

पुढच्याच वर्षीं क्रिमियाचें युद्ध पेटलें. इंग्लंड व फ्रान्स हे तुर्कस्थानच्या बाजूनें रशियाशीं लढत होते. जखमी शिपायांस पट्टी बांधावयास पुरेसें कापडहि मिळत नाहीं, अशा बातम्या लंडनच्या वर्तमानपत्रांत येऊं लागल्या व लोक खवळून गेले. तेव्हां मंत्री सिडनी हर्बर्ट यांनीं नाइटिंगेल बाईंस पाचारण केलें. 21 ऑक्टोबर 1854 रोजीं 38 परिचारिका बरोबर घेऊन त्या निघाल्या व नोव्हेंबरच्या आरंभीं कॉन्स्टँटिनोपल शहरासमोरील स्कुटारी येथें पोहोंचल्या.

तेथील देखावा भयंकर होता. एका जुन्या बराकींत इस्पितळ थाटलेलें. खोल्या भरून ओसऱ्यांतूनहि रोग्यांच्या रांगा लागलेल्या. उंदीर व उवा यांचा सुळसुळाट. आणि साबण, टॉवेल, भांडीं यांपैकीं कशाचाच धड पुरवठा नाहीं. शिवाय लष्करी डॉक्टरांस ह्या बायका नकोशा झाल्या होत्या. बाईंनीं येथें जें धोरण ठेवलें, तें फार शिकण्यासारखें आहे. डॉक्टरांनीं बोलावल्यावांचून एकाहि परिचारिकेनें रोग्यास हात लावूं नये, असा त्यांनीं सक्त हुकूम केला. लवकरच जखमींची लोटच्या लोट येऊन पडली आणि डॉक्टरांस त्यांची मदत मागणें भाग पडलें. मग बाईंनीं पथ्याच्या अन्नासाठीं स्वयंपाकघरें उघडलीं, कपडे धुण्याची सोय केली, सामानाचे हिशेब ठेवले व शिपायांचीं पत्रें लिहून त्यांचे पगार घरीं पोहोंचते केले. रात्रीं हातांत दिवा घेऊन त्या रोग्यांच्या रांगांतून फेरी घालीत, त्यावरून दिवेवाली बाई असें प्रेमाचें नांव त्यांस पडलें.

येथपर्यंतची हकीकत बहुतेकांस माहीत असते. परंतु तिची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. एवढी अहोरात्र सेवा होऊनहि त्या पहिल्या हिवाळ्यांत स्कुटारीचें मृत्यूचें प्रमाण कमी न होतां वाढतच गेलें! फेब्रुवारी 1855 मध्यें तें शेंकडा 42 च्या आसपास पोहोंचलें होतें. मार्च महिन्यांत इंग्लंडहून आरोग्यविषयक कमिशन आलें. इस्पितळाखालचीं गटारें तुंबून त्यांची घाण हवेंत व पाण्यांत मिसळत आहे, असें कमिशनला आढळून आलें. गटारें साफ झालीं, भिंतींस चुना लागला, खोल्यांत हवा खेळूं लागली आणि जूनपर्यंत मृत्यूचें प्रमाण शेंकडा 2 च्या जवळपास उतरलें.

1856 सालीं बाई स्वदेशीं परतल्या, तेव्हां सारें राष्ट्र त्यांचा जयजयकार करीत होतें. त्या मात्र सत्कार चुकवून गुपचूप घरीं गेल्या व डॉक्टर विल्यम फार या आंकडेशास्त्रज्ञाच्या साहाय्यानें मृतांची नोंद तपासूं लागल्या. जखमांनीं मेलेल्यांपेक्षां टाळतां येण्याजोग्या रोगांनीं मेलेलेच फार अधिक, हें त्यांतून उघड झालें. आणि ज्या इस्पितळांत त्यांनीं रात्रीचा दिवस केला, तेथील घाणीनेंच कित्येकांचा बळी घेतला होता. दुसऱ्या कोणीं अशी गोष्ट झांकून ठेविली असती. बाईंनीं ती रंगीत आकृति काढून सरकारपुढें मांडली. 1858 सालीं लंडनच्या आंकडेशास्त्र संस्थेनें त्यांस सभासद करून घेतलें. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

ह्या अनुभवांतूनच त्यांच्या सर्वांत मोठ्या कार्याचा उगम झाला. कृतज्ञ जनतेनें त्यांच्या नांवें सुमारें 45,000 पौंडांचा निधि जमविला होता. त्यांतून 1860 सालीं लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळांत परिचारिकांची शिक्षणशाळा निघाली. विद्यार्थिनींनीं एक वर्ष इस्पितळांतच राहावें, वॉर्डांत प्रत्यक्ष काम शिकावें, डॉक्टरांचीं व्याख्यानें ऐकावीं, आणि त्यांच्या कामाची व वर्तनाची नियमित नोंद व्हावी, अशी तेथील शिस्त होती. येथें तयार झालेल्या स्त्रिया दूरदूर गेल्या. ॲग्नेस जोन्स हिनें 1865 पासून लिव्हरपूलच्या अनाथालयांतील रुग्णांची सेवा केली व 1868 सालीं टायफस ज्वरानें तेथेंच देह ठेविला. त्याच वर्षीं लूसी ऑस्बर्न ही पांच सोबतिणींसह ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें पोहोंचली. ज्या कामास लोक नाक मुरडीत, तें अशा रीतीनें सन्मानाचें झालें.

बाई हिंदुस्थानांत कधीं आल्या नाहींत. आजारामुळें पुढील आयुष्यांत त्या पुष्कळसा काळ अंथरुणाला खिळूनच होत्या. तथापि खोलींत बसून त्यांनीं आपल्या देशाचा कसून अभ्यास केला. येथील गोऱ्या सैन्यांत दरसाल हजारीं 69 शिपाई मरत, असें 1863 सालच्या शाही कमिशनच्या अहवालांत दाखविलें गेलें. त्या चौकशीमागें बाईंचेच श्रम होते. पुढें त्यांची दृष्टि शिपायांवरून रयतेकडे वळली. मुंबई व मद्रास इलाख्यांत 1876 ते 1878 पर्यंत जो भीषण दुष्काळ पडला, त्यानें त्या व्यथित झाल्या व पाटबंधारे, कर्जबाजारी शेतकरी आणि गांवांची स्वच्छता यांविषयीं लिहूं लागल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशींहि त्यांचा पत्रव्यवहार होता. दुष्काळ पडल्यावर अन्न वांटणें जरूर आहे, पण पाण्याची तरतूद आधींच करणें अधिक शहाणपणाचें, हाच त्यांचा रोख असे.

1907 सालीं ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान त्यांस मिळाला; तो मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री. 13 ऑगस्ट 1910 रोजीं, नव्वदाव्या वर्षीं, त्यांनीं इहलोकची यात्रा संपविली. वेस्टमिन्स्टर ॲबेंत त्यांचें दफन करण्याची सूचना आप्तांनीं नाकारली. ईस्ट वेलो येथील साध्या थडग्यावर नांवाचीं केवळ आद्याक्षरें व तारखा कोरलेल्या आहेत. संकटसमयीं असामान्य सेवा करणाऱ्या परिचारिकांसाठीं 1912 सालीं रेडक्रॉसनें त्यांच्या नांवाचें पदक स्थापिलें, आणि 12 मे हा त्यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो.

विद्यार्थ्यांनो, प्रथमोपचाराचा तास किंवा आरोग्यशास्त्राचा धडा कंटाळवाणा वाटूं लागला, तर स्कुटारीचा तो हिवाळा आठवा. तेथें दयेची वाण नव्हती. वाण होती ती ज्ञानाची व पूर्वतयारीची. पालकांनींहि स्मरावें कीं, आपली मुलगी किंवा मुलगा असल्या सेवेची वाट धरूं म्हणेल, तेव्हां त्यांस आडवें जाण्यापेक्षां उत्तम शिक्षण देणें हेंच खरें वात्सल्य. दिवा हातीं घेणें सोपें आहे. त्याच्या उजेडांत काय पाहावें, हें मात्र आधीं शिकून ठेवावें लागतें.