विश्लेषण : एकाच फाइलमध्ये अनेक प्रोग्राम लिहितात, तरी नोंदी का पुसल्या जात नाहीत? डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये काय शोधले?

यूपीआयने पैसे पाठवले किंवा रेल्वेचे तिकीट काढले, की सर्व्हरवरच्या ‘लॉग फाइल’मध्ये त्याची नोंद होते. व्यवहार अडकला तर नेमके काय घडले, याची पहिली साक्षीदार ही फाइलच. मात्र तिच्यात एकाच वेळी अनेक प्रोग्राम लिहीत असतात. त्यांनी एकमेकांच्या नोंदी पुसू नयेत, यामागच्या विचाराचा पाया एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संशोधकाने घातला.

अडचण नेमकी काय?

समजा, फाइलमध्ये १०० बाइट भरले आहेत. दोन प्रोग्राम एकाच क्षणी फाइलचा शेवट शोधतात. दोघांनाही १०० हाच आकडा मिळतो आणि दोघेही तिथूनच लिहितात. आधीची नोंद नंतरच्या नोंदीखाली गाडली जाते. एरर दिसत नाही. चाचणीत व्यवस्थित चाललेला प्रोग्राम गर्दीच्या वेळीच चुकतो, त्यामुळे ही चूक सापडणे कठीण असते.

डाइक्स्ट्रा कोण होते?

त्यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅममध्ये झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणितज्ञ. लायडन विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकत असतानाच १९५२ मध्ये ते अॅमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये प्रोग्रामिंग करू लागले. १९५६ मध्ये होणाऱ्या पत्नीसोबत कॅफेत बसले असताना त्यांनी सुमारे २० मिनिटांत सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याची पद्धत तयार केली. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत त्यांनी ‘प्रोग्रामर’ हा व्यवसाय लिहिला, पण असा व्यवसायच नसल्याचे सांगून तो नाकारण्यात आला. अखेर ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’ असे लिहावे लागले.

१९६५ मध्ये काय घडले?

१९६२ पासून ते आइंडहोव्हनमध्ये प्राध्यापक होते. दोन प्रोग्रामपुरते उत्तर थिओडोरस डेकर या डच गणितज्ञाने शोधले होते. डाइक्स्ट्रा यांनी कितीही प्रोग्राम असले तरी चालेल असे उत्तर जेमतेम एका पानाच्या शोधनिबंधात मांडले. सामायिक वस्तूला हात लावणाऱ्या भागात एका वेळी एकच प्रोग्राम असावा, ही पहिली अट. बाहेर थांबलेल्या प्रोग्राममुळे इतरांचे काम अडू नये आणि सगळेच ‘पहले आप’ करत ताटकळू नयेत, याही अटी होत्या.

त्याच काळात त्यांनी ‘सेमाफोर’ ही कल्पना आणली. नाव सिग्नलच्या खांबाचे, कामही तसेच. एक गाडी रुळावर असेल तर दुसरीने थांबायचे, पहिली बाहेर पडली की दुसरीला वाट मोकळी.

आज लॉग फाइलमध्ये हे कसे वापरतात?

दोन मार्ग आहेत. पहिला, फाइल ‘अपेंड’ मोडमध्ये उघडणे. यात शेवट शोधणे आणि लिहिणे ही दोन्ही कामे ऑपरेटिंग सिस्टीम एकाच टप्प्यात करते. मात्र संपूर्ण ओळ एकाच वेळी पाठवावी लागते, नाहीतर ओळींची सरमिसळ होते. नेटवर्कवरील ड्राइव्हवर या मार्गाची खात्री देता येत नाही.

दुसरा मार्ग कुलपाचा. लॉक घ्यायचे, लिहायचे, लॉक सोडायचे. लिनक्समध्ये हे लॉक सहसा सामंजस्यावर चालते. लॉक न मागणाऱ्या प्रोग्रामला ते अडवत नाही. म्हणजे दहापैकी एकाने नियम मोडला, तरी उरलेल्या नऊ जणांच्या नोंदी धोक्यात येतात.

पुढे काय झाले?

१९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ ते १९९९ ते अमेरिकेत ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात होते. फाउंटन पेनने लिहिलेल्या टिपणांच्या प्रती ते सहकाऱ्यांना पाठवत. अशी १३०० हून अधिक टिपणे त्यांच्या नावावर आहेत. ६ ऑगस्ट २००२ रोजी नेदरलँड्समधील न्यूनेन येथे त्यांचे निधन झाले.

प्रोग्राम आज चालला, एवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. तो कोणत्याही क्रमाने चालला तरी चुकणार नाही, हे आधी तर्काने पटले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. लॉग फाइलवर विश्वास ठेवायचा, तर तो आजही तितकाच गरजेचा आहे.