विश्लेषण : चार्ली चॅप्लिन समुद्रात असतानाच अमेरिकेने त्याची परतीची वाट का अडवली?

सप्टेंबर १९५२. न्यूयॉर्कहून ‘क्वीन एलिझाबेथ’ हे प्रवासी जहाज इंग्लंडकडे निघाले होते. त्यात चार्ली चॅप्लिन, पत्नी ऊना आणि चार मुले होती. ‘लाइमलाइट’ चित्रपटाचा लंडनमध्ये शुभारंभ, मुलांना आपले जुने शहर दाखवणे आणि मग घरी परतणे, असा साधा बेत होता. घर म्हणजे कॅलिफोर्निया. खिशात अमेरिकी सरकारनेच दिलेला पुनर्प्रवेश परवाना होता. जहाज भर समुद्रात असताना, १९ सप्टेंबरला अमेरिकेचे अॅटर्नी जनरल जेम्स मॅकग्रेनरी यांनी तो परवाना रद्द केला. चॅप्लिनला ही बातमी जहाजावरच समजली. तेव्हा तो ६३ वर्षांचा होता आणि जवळपास ४० वर्षे अमेरिकेत राहत होता.

चॅप्लिन अमेरिकी नागरिक नव्हता?

नव्हता, कधीच नव्हता. १८८९ मध्ये जन्मलेला, लंडनच्या गरीब वस्तीत वाढलेला चॅप्लिन १९१० मध्ये फ्रेड कार्नो यांच्या नाटक मंडळीबरोबर पहिल्यांदा अमेरिकेत आला. १९१३ च्या अखेरीस ‘कीस्टोन’ कंपनीने त्याला आठवड्याला १५० डॉलर पगारावर घेतले. १९१६ मध्ये त्याचा वर्षाचा करार ६ लाख ७० हजार डॉलरचा झाला. १९१९ मध्ये तो ‘युनायटेड आर्टिस्ट्स’ कंपनीचा सहसंस्थापक बनला. पैसा, स्टुडिओ, घर, कर भरणे सगळे अमेरिकेत, पण पासपोर्ट मात्र ब्रिटिश. तो स्वतःला जगाचा नागरिक म्हणवून घेई. कायद्याने यात काही चूक नव्हती, कारण कायमचे राहणाऱ्या परदेशी माणसाने नागरिकत्व घेतलेच पाहिजे अशी सक्ती नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर वातावरण बदलले, तेव्हा हीच गोष्ट त्याच्याविरुद्ध वापरली गेली.

गंमत म्हणजे १९१७ च्या ‘द इमिग्रंट’ या छोट्या चित्रपटात त्याने हाच विषय घेतला होता. बोटीवरच्या स्थलांतरितांना स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसतो आणि लगेच अधिकारी त्यांना दोरखंडाने अडवून गुरांसारखे मागे लोटतात. चार्लीचा भटक्या त्या अधिकाऱ्याला हळूच एक लाथ हाणतो.

सरकारचा राग नेमका कशावर?

एफबीआयने १९२० च्या दशकापासूनच त्याच्यावर नजर ठेवली होती आणि त्याची फाइल हजाराहून अधिक पानांची झाली. १९४२ मध्ये सोव्हिएत रशियावरील नाझी आक्रमणाचा भार हलका व्हावा म्हणून युरोपात दुसरी आघाडी उघडा, अशी मागणी त्याने जाहीर भाषणांतून केली. रशिया तेव्हा अमेरिकेचा मित्र होता. शीतयुद्ध सुरू झाल्यावर मात्र तीच भाषणे कम्युनिस्ट असल्याचा पुरावा म्हणून मोजली गेली. पक्षाचे सदस्यत्व त्याने नेहमीच नाकारले.

खासगी आयुष्याने भर घातली. जोन बॅरी या तरुणीशी असलेल्या संबंधांवरून त्याच्यावर फौजदारी खटला चालला आणि १९४४ मध्ये तो निर्दोष सुटला. तिच्या मुलीचे पितृत्व ठरवणाऱ्या वेगळ्या दाव्यात रक्ततपासणीने तो बाप नसल्याचे दाखवले होते. पण कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात तेव्हा ती तपासणी निर्णायक मानली जात नसे, त्यामुळे निकाल त्याच्याविरुद्ध गेला. मधल्या काळात, १९४३ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी त्याने १८ वर्षांच्या ऊना ओनीलशी लग्न केले. वृत्तपत्रांना आणखी काय हवे होते! १९४७ मध्ये एका खासदाराने त्याच्या हद्दपारीची मागणी संसदेतच केली.

मग तो अमेरिकेत असतानाच कारवाई का झाली नाही?

इथेच खरी मेख आहे. देशात राहणाऱ्या परदेशी माणसाला हाकलायचे तर सरकारला सुनावणी घ्यावी लागते, पुरावे मांडावे लागतात. तोच माणूस सीमेबाहेर गेला की चित्र पालटते. आता तो आत येण्याची परवानगी मागणारा ठरतो आणि आपण लायक आहोत हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर येतो. परदेशी नोकरी करणाऱ्या मराठी घरांत आजही सुट्टीत गावी यावे की नाही, यावर जो खल होतो, त्यामागे हेच गणित असते.

पुनर्प्रवेश परवाना म्हणजे हा धोका टाळण्याचा कागद. तो देण्याआधी अधिकाऱ्यांनी चॅप्लिनच्या घरी येऊन जबाब नोंदवला होता. खरे नाव काय, कम्युनिस्टांशी संबंध आहे का, विवाहबाह्य संबंध ठेवले का, असे प्रश्न त्यात होते. तरी परवाना मिळाला. तो बाहेर पडताच मात्र नैतिक वर्तन आणि राजकीय विचार या दोन्हींबाबत चौकशीला सामोरे गेल्याशिवाय प्रवेश नाही, असे जाहीर झाले.

पुढे अनेक वर्षांनी उघड झालेल्या सरकारी कागदपत्रांतून दिसले, की चॅप्लिन परतला असता तर त्याला रोखण्याइतका पुरावा सरकारकडे नव्हता. म्हणजे हे सरळसरळ धमकावणे होते, आणि ते लागू पडले.

नावाच्या प्रश्नालाही पार्श्वभूमी होती. चॅप्लिनच्या जन्माची अधिकृत नोंद सापडत नाही. त्याचे खरे नाव इस्रायल थॉर्नस्टीन असल्याचा अमेरिकी यंत्रणांचा संशय होता. ब्रिटनच्या ‘एमआय ५’ने शोध घेतला, पण हाती काही लागले नाही. हा माणूस सुरक्षेला धोका असल्याचेही त्यांना आढळले नाही. ती फाइल २०१२ मध्ये खुली झाली.

संपत्तीचे काय झाले?

हा सगळ्यांत तातडीचा प्रश्न होता, कारण स्टुडिओ, घर आणि बँकेतला पैसा अमेरिकेत अडकला होता. ऊना अमेरिकी नागरिक होती, तिला कोणी अडवू शकत नव्हते. नोव्हेंबर १९५२ मध्ये ती एकटी कॅलिफोर्नियाला गेली, जमेल तेवढे आवरले आणि परत आली. दरम्यान एफबीआयचे लोक घरच्या नोकरांकडे चौकशी करून गेले होते.

जानेवारी १९५३ मध्ये कुटुंब स्वित्झर्लंडमधील कोर्सिए-सुर-व्हेवे गावातल्या मोठ्या घरात राहायला गेले. एप्रिलमध्ये चॅप्लिनने जिनिव्हातील अमेरिकी वकिलातीत आपला परवाना स्वतःच परत केला. पुढच्या वर्षी ऊनानेही अमेरिकी नागरिकत्व सोडले. १९५७ च्या ‘अ किंग इन न्यूयॉर्क’मध्ये त्याने हिशेब चुकता केला. त्यातला पदच्युत राजा विमानतळावर पत्रकारांना अमेरिकेतील स्वातंत्र्याबद्दल भरभरून सांगत असतो आणि त्याच वेळी अधिकारी त्याच्या बोटांचे ठसे घेत असतात.

तो पुन्हा अमेरिकेला गेला का?

एकदाच म्हणावे लागेल असा मुक्काम घडला तो एप्रिल १९७२ मध्ये, जवळपास २० वर्षांनी. मानद ऑस्कर स्वीकारण्यासाठी ८२ वर्षांचा चॅप्लिन मंचावर आला, तेव्हा सभागृह १२ मिनिटे उभे राहून टाळ्या वाजवत होते. १९७५ मध्ये ब्रिटनने त्याला ‘सर’ केले. २५ डिसेंबर १९७७ रोजी स्वित्झर्लंडमधील त्याच घरी त्याचे निधन झाले.

राहिला ‘लाइमलाइट’. १९५२ मध्ये ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेच्या विरोधामुळे अनेक चित्रपटगृहांनी तो लावला नव्हता आणि लॉस एंजेलिसमध्ये तर १९७२ पर्यंत नियमित खेळच झाले नाहीत. ऑस्करच्या नियमानुसार पात्रता त्या शहरातील प्रदर्शनावरून ठरत असल्याने २० वर्षे जुना हा चित्रपट १९७३ च्या स्पर्धेत उतरला आणि संगीतासाठी चॅप्लिनला दोन सहकाऱ्यांसह पुरस्कार मिळाला. स्पर्धेत जिंकलेला त्याचा हा एकमेव ऑस्कर.